आधी शौचालये मोजा, मग धान्याची पोती

पावसाळा तोंडावर आला की वस्तीतल्या बैठकीत एक प्रश्न हमखास निघतो. "यंदा कुठे पूर आला तर आपण काय गोळा करायचं?" उत्तरेही ठरलेली असतात. तांदूळ, पीठ, बिस्किटांचे पुडे, जुन्या साड्या, चादरी. एक टेम्पो भरतो, पुढे बॅनर लागतो, टेम्पो निघतो. मदत करणाऱ्या हातांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण आम्ही वॉर्डात काम केलेल्या बायका. पूरग्रस्तांच्या छावणीत गेलो की आमचे लक्ष पोत्यांकडे आधी जात नाही. शौचालये किती आहेत, पाणी कुठून येते आणि बायकांना कपडे बदलायला आडोसा आहे का, हे आम्ही आधी बघतो. माणूस घरातून जीव वाचवून बाहेर पडतो आणि छावणीत येऊन आजारी पडतो, हे आम्ही पाहिलेले आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी ५७ फुटांपर्यंत चढले. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत लाखो लोकांना घर सोडावे लागले. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसे गेली. महामार्ग काही दिवस बंद होता. रस्ता जरा मोकळा झाल्यावर औषधांच्या दोन पेट्या घेऊन आम्ही पोहोचलो आणि एका शाळेत भरलेल्या छावणीत चार दिवस राहिलो.

त्या शाळेत धान्य कमी नव्हते. व्हरांड्यात पोत्यांची थप्पी होती, बिस्किटांचे खोके होते, पाण्याच्या बाटल्या होत्या. जुन्या कपड्यांचा तर ढीग पडला होता आणि पावसाने भिजून त्याला वास येत होता. शिजवायला मात्र एकच गॅस. शौचालये चार, त्यांपैकी दोन तुंबलेली. माणसे साडेतीनशेच्या आसपास.

पहिल्याच दिवशी एका सहा महिन्यांच्या गरोदर सुनेला आमच्याकडे आणले. थंडी वाजून ताप आला होता, कंबर दुखत होती, लघवीला जळजळ होत होती. आम्ही विचारले, पाणी किती पितेस? ती खाली बघत म्हणाली, "ताई, पाणी प्यालं की जावं लागतंय. जायाचं कुठं? दिवसा पुरुषमाणसं असत्यात, रात्री अंधार." दोन दिवस तिने घोट-घोट पाणी पिऊन काढले होते. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला होता. गरोदरपणात तो अंगावर काढला तर मूत्रपिंडापर्यंत जातो, दिवस भरायच्या आत बाळंतपण होण्याची भीती असते. तिला रुग्णालयात हलवले आणि ती वाचली. तिच्या उशाशी पाण्याच्या सहा सीलबंद बाटल्या होत्या. पाणी हजर होते, शौचालय नव्हते, म्हणून ती आजारी पडली.

दया नव्हे, कायदा

आपली माणसे छावणीत गप्प बसतात. मिळाले ते घ्यावे, तक्रार केली तर तेही बंद होईल, असे वाटते. "लोक उपकार करतायत, आपण आणि वर मोजमाप कसलं मागायचं?" असे एक आजी आम्हाला म्हणाल्या होत्या. आजींना आम्ही तेव्हा सांगितले तेच इथे सांगतो. छावणी हा उपकार नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ मध्ये झाला तेव्हा त्याच्या कलम १२ मध्ये छावणीतला निवारा, अन्न, पिण्याचे पाणी, वैद्यकीय सेवा आणि स्वच्छता यांची किमान पातळी ठरवून द्यावी, असे लिहिले होते. त्यानुसार राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने किमान मापे ठरवून दिली आहेत. ती पाठ करण्यासारखी आहेत.

माणशी साडेतीन चौरस मीटर छताखालची जागा, म्हणजे साधारण ३८ चौरस फूट. पिण्यासाठी माणशी दिवसाला किमान ३ लिटर पाणी. अंघोळ आणि शौचासाठी माणशी किमान १५ लिटर. तीस माणसांमागे एक शौचालय, बायका आणि मुलांसाठी वेगळे, राहण्याच्या जागेपासून ५० मीटरच्या आत. मोठ्या माणसाला दिवसाला २४०० कॅलरी मिळतील एवढे अन्न, लहान मुलांना १७०० कॅलरी. बायकांना सॅनिटरी पॅड.

आता हेच माप त्या शाळेला लावू. वीस बाय पंचवीस फुटांचा वर्ग म्हणजे ५०० चौरस फूट, त्यात तेरा माणसे बसतात. आम्ही मोजली तेव्हा एका वर्गात एकेचाळीस होती. साडेतीनशे माणसांना बारा शौचालये हवीत, चालू होती दोन. हे आकडे आम्ही वहीच्या कागदावर लिहून, छावणीतल्या पाच बायकांच्या सह्या घेऊन तहसील कार्यालयाच्या माणसाच्या हातात दिले. त्याआधी दोन दिवस "बघतो" एवढेच उत्तर मिळत होते. कागद दिल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी फिरती शौचालये आली. ती पुरेशी नव्हती, पण आली. नुसते "हाल होतायत" म्हटले की समोरचा सहानुभूती दाखवून निघून जातो. "बारा हवीत, दोन आहेत" म्हटले की त्याला काहीतरी उत्तर द्यावे लागते.

पुरामुळे, भूकंपामुळे, दंगलीमुळे घर सुटले पण देशाची सीमा ओलांडली नाही, अशा माणसांना देशांतर्गत विस्थापित म्हणतात. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वेही आहेत. अन्न आणि पिण्याचे पाणी, साधा निवारा, कपडे, औषधोपचार आणि स्वच्छता या गोष्टी विस्थापिताला मिळाल्याच पाहिजेत, असे त्यांत म्हटले आहे. घर पाण्यात गेले म्हणून माणूस भिकारी होत नाही. तो नागरिकच राहतो.

व्हरांडा कोणाला मिळतो?

दुसरी गोष्ट सांगताना आम्हाला अजूनही त्रास होतो. त्या शाळेत वर्ग गल्लीप्रमाणे वाटले होते. वरवर सोयीचे वाटते: शेजारी शेजाऱ्यांबरोबर राहतील, नावे घ्यायला सोपे जाईल. पण आपल्या गावांत गल्ली म्हणजे काय, हे आपल्याला कोणी सांगायला नको. गल्लीप्रमाणे वर्ग वाटले की जातीप्रमाणे वाटले जातात. आपली वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, नदीकडे. पाणी तिच्यात आधी शिरले, पण तिला बाहेर काढले शेवटी. ती माणसे शाळेत पोहोचली तेव्हा वर्ग भरले होते आणि उरला होता व्हरांडा. पावसाच्या झडीत म्हातारी माणसे आणि लेकरे तिथे ओल्या फरशीवर झोपली. कोणी जातीचे नाव काढले नाही, कोणी शिवी दिली नाही. तरी न्युमोनियाची लक्षणे दिसणारी तिन्ही मुले आम्हाला व्हरांड्यातच सापडली.

हे एका गावापुरते नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दलित कुटुंबांना छावणीत वेगळे ठेवल्याच्या, पाण्याच्या टाकीला हात लावू न दिल्याच्या तक्रारी देशभर गाजल्या. त्यानंतर वर्षभरातच हा कायदा आला. त्याच्या कलम ६१ मध्ये साफ लिहिले आहे की, आपत्तीग्रस्तांना भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही. बाबासाहेबांनी संविधानात समतेचा हक्क दिला. हे कलम तोच हक्क छावणीच्या दारापर्यंत आणते. मदत वाटपाच्या रांगेत उभे राहताना हा आकडा लक्षात ठेवा: कलम एकसष्ट.

उपाय साधा आहे. जागा गल्लीप्रमाणे नव्हे, गरजेप्रमाणे द्यावी. गरोदर आणि ओल्या बाळंतिणी, तान्ही मुले, म्हातारी, अपंग, आजारी माणसे आधी वर्गात, शौचालयाच्या जवळ. तरणी आणि धडधाकट माणसे व्हरांड्यात, मग ती कोणत्याही गल्लीची असोत. छावणीच्या देखरेखीत प्रत्येक वस्तीतली एक बाई असावी. हे पहिल्या तासाला मागितले तर होते. एकदा पथाऱ्या पसरल्यावर कोणाला उठवता येत नाही.

भाडेकरू आणि बाहेरगावाहून कामाला आलेली कुटुंबे यांची वेगळी अडचण असते. पंचनामा घराचा होतो आणि नाव मालकाचे लागते. २०१९ मध्ये घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात राहिले असेल तरच गहू-तांदूळ, अशा अटीवरून बरीच ओरड झाली होती. अशा अटींत सगळ्यात आधी गळतो तो भाडेकरू, कारण त्याच्याकडे दाखवायला कागदच नसतो. वस्तीतल्या भाडेकरूंची यादी पावसाळ्याआधीच करून ठेवावी, असे आमचे मत आहे. ते आपल्या जातीचे आहेत की नाहीत, हे न बघता.

टेम्पोत काय भरावे, काय भरू नये

आता मदत देणाऱ्यांशी दोन शब्द. जुने कपडे पाठवणे बंद करा. ते निवडायला, वाळवायला, वाटायला माणसे लागतात आणि शेवटी त्यांचा चिखल होतो. त्याऐवजी नवे टॉवेल, बायकांचे आतले कपडे, परकर, लुंग्या द्या. संख्या कमी झाली तरी चालेल.

तान्ह्या बाळांसाठी दुधाच्या पावडरीचे डबे आणि बाटल्या तर अजिबात नकोत. पुराच्या पाण्यात बाटली उकळायची कशी? अशुद्ध पाण्यात कालवलेली पावडर म्हणजे जुलाबाला आमंत्रण. असे डबे फुकट वाटण्यावर आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदीही आहे. भीतीने दूध आटले, असे बाळंतीण सांगते तेव्हा तिला आडोसा, पोटभर जेवण, पाणी आणि शेजारी बसणारी एक मावशी द्या. बाळाला वारंवार छातीशी लावले की दूध येते. ज्या बाळाला आईच नाही, त्याचा निर्णय डॉक्टरांवर सोपवा.

टेम्पोत भरायच्या वस्तू अशा: झाकणाच्या बादल्या आणि पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे, अंगाचा आणि कपड्याचा साबण, पाणी शुद्ध करायचे मेडिक्लोर किंवा क्लोरीनच्या गोळ्या, ओआरएसची पाकिटे, सॅनिटरी पॅड किंवा स्वच्छ सुती कापड, मच्छरदाण्या, ताडपत्री, जाड दोरी, बॅटऱ्या, शौचालय धुवायचे सामान. दोरी आणि चार चादरी असल्या की दहा मिनिटांत बायकांसाठी आडोसा तयार होतो. त्या शाळेत आम्ही सगळ्यात आधी हेच केले, आणि त्या रात्री पहिल्यांदा तिथल्या मुलींनी ओले कपडे बदलले.

छावणीत सांभाळायचे आजार

जुलाब हा पहिला शत्रू. पाणी उकळून गार करून प्या. ते जमत नसेल तर मेडिक्लोर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घाला आणि अर्धा तास थांबून मगच प्या. पाणी ओगराळ्यानेच काढा, हात बुडवू नका. जुलाब लागले तर ओआरएसचे पाकीट सांगितले असेल तेवढ्या पाण्यात कालवून थोडे थोडे पाजा. कालवलेले पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. लहान मुलाला आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या आणि जुलाब थांबले तरी चौदा दिवस पूर्ण करा. डोळे खोल गेले, मूल मलूल झाले, पाणी पिईना, शौचातून रक्त गेले, तर वाट बघू नका.

दुसरा लेप्टो. २००५ च्या २६ जुलैच्या पावसानंतर मुंबईत तो पसरला होता. उंदराच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून पायाच्या जखमेवाटे त्याचे जंतू अंगात शिरतात. पुराच्या पाण्यातून चालला असाल, पायाला जखम असेल, तर आरोग्य केंद्रात सांगा. त्यासाठी प्रतिबंधक गोळी आहे, पण गरोदर बाईने किंवा लहान मुलाला ती स्वतःच्या मनाने देऊ नये. ताप, अंगदुखी, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी तपासून घ्या. काविळीची वाट पाहू नका.

तिसरी गोष्ट म्हणजे चालू औषधे. पुरात टीबीच्या, बीपीच्या, साखरेच्या, फिटच्या, एचआयव्हीच्या गोळ्या वाहून जातात आणि माणूस लाजेने किंवा धांदलीत गप्प बसतो. हा खंड पुराइतकाच घातक असतो. टीबीच्या गोळ्या मध्येच बंद झाल्या तर आजार औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. ही औषधे सरकारी केंद्रात पुन्हा मिळतात, कार्ड वाहून गेले तरी मिळतात, कारण नाव नोंदलेले असते. इन्सुलिन असेल तर फ्रिज नसला तरी ते मडक्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून गार जागी ठेवता येते. बाटलीत पाणी मात्र जाऊ देऊ नका.

रुग्णवाहिकेसाठी १०८, गरोदर बाईसाठी १०२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७. हे तीन आकडे घराच्या दारामागे खडूने लिहून ठेवा.

आपला विहार तयार आहे का?

शेवटचा प्रश्न आपल्यालाच. पाणी वाढले की वस्तीतली माणसे कुठे धावतात? जिथे विहार उंचावर आणि पक्का आहे, तिथे विहारात. वर्षावासात तिथे माणसे जमतातच, भांडी असतात, सतरंज्या असतात, किल्ली कोणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते. सरकारी छावणी उघडेपर्यंतची पहिली रात्र तिथेच जाते. पण अनेक विहारांत सभागृह मोठे असते आणि शौचालय एकही नसते, किंवा असते ते कुलूपबंद असते. कमानीसाठी वर्गणी निघते, संगमरवरी फरशीसाठी निघते. शौचालयाचा विषय काढला की "पुढच्या वर्षी बघू" होते. आमच्या स्वतःच्या वस्तीतही दोन वर्षे हेच झाले. तिसऱ्या वर्षी बायकांनी जयंतीच्या हिशेबाच्या बैठकीत ठाण मांडले, तेव्हा दोन शौचालये आणि एक टाकी झाली. तोपर्यंत आम्हीही गप्पच होतो, हे कबूल करायला हवे.

म्हणून आमचे मागणे आहे की, येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास थांबावे. विहाराची लांबी-रुंदी फुटांत मोजून गुणाकार करावा आणि ३८ ने भागावे. किती माणसे नीट झोपू शकतील ते कळेल. शौचालये मोजून तिसाने गुणावे. दोन आकड्यांत जो लहान, तेवढीच माणसे आपला विहार सांभाळू शकतो. उरलेल्यांसाठी शाळा, समाजमंदिर की आणखी काही, हे आजच ठरवावे आणि त्याचे पत्र नगरपालिकेला किंवा तहसीलदारांना देऊन पोच घ्यावी. वस्तीतली गरोदर, म्हातारी, अपंग आणि औषधावर असलेली माणसे कोण आहेत, याची यादी आशाताईंबरोबर बसून करावी. कोणाला कोणता आजार आहे, याची वाच्यता करू नये. प्रत्येक घरात रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला, औषधाची चिठ्ठी आणि आठवड्याच्या गोळ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून हाताशी ठेवाव्यात.

आणि पुराच्या रात्री विहाराच्या दारात जो कोणी भिजून येईल, त्याला जात, गाव, भाषा विचारू नये. कलम ६१ आपल्या हक्काचे आहे, तसेच ते आपल्यावर बंधनही आहे. जो व्हरांडा आपल्या वाट्याला आला, तो आपण दुसऱ्याच्या वाट्याला येऊ देता कामा नये.

ती सून पुढे बाळंत झाली, मुलगी झाली. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैमध्ये, पाणी पुन्हा चढले. तिने फोन केला. मदत मागायला नव्हे. म्हणाली, "ताई, यंदा शाळेत गेल्या गेल्या मीच मोजली. सहा हायती, दहा पायजेत. सह्या घेतल्यात. कागूद कुणाला देऊ तेवढं सांगा."

आम्ही सांगितले. तुम्हीही या पावसाळ्यात तेवढे करा: मोजा, लिहा, सह्या घ्या, पोच मागा. धान्याची पोती त्यानंतर मोजता येतील.